मंजुळाचा नंबर

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नावं पुकारायचं काम एकाच बाईंनी एकतीस वर्षं केलं. पगाराच्या कागदावर त्यांचा हुद्दा ‘मदतनीस’ असा होता, पण त्यांना सगळे नाववाल्या बाई म्हणायचे. पेशंट म्हणायचे, डॉक्टर म्हणायचे, आणि पुढे पुढे त्या स्वतःही फोन उचलून ‘नाववाली बोलतेय’ असंच सांगायच्या. मी त्याच हॉलच्या टोकाला चष्म्याच्या खिडकीत बसायचो. वाकलेल्या फ्रेमी सरळ करायच्या, काचा बसवायच्या, सैल झालेले स्क्रू आवळायचे, हे माझं काम. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची आणि सगळी बाकं दिसायची. त्यामुळे हे जे घडलं त्यातलं थोडं मी स्वतः पाहिलं आणि ऐकलं. उरलेलं त्यांनी मला सांगितलं, आणि रचून सांगायची त्यांना सवय नव्हती.

नावं पुकारायला माणूस कशाला हवा, असं कुणालाही वाटेल. मध्ये एकदा साहेबांनाही वाटलं होतं. हॉलमध्ये लाल आकड्यांची पाटी लागली, टिंग असा आवाज झाला की नवा आकडा. पण आमच्याकडे तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालतात, बाहुल्या मोठ्या होतात, आणि दोन तास माणसाला समोरचं धड दिसत नाही. ऐंशी-नव्वद माणसं डोळे मिटून बसलेली आणि त्यांच्या डोक्यावर आकडे बदलताहेत. जो तो शेजाऱ्याला विचारायचा, कितवा आला हो, आणि शेजारी म्हणायचा, मला विचारता? आठवड्याभरात पाटी बंद पडली आणि बाई पुन्हा दाराशी उभ्या राहिल्या.

त्यांची एक रीत होती. केसपेपरचा गठ्ठा डाव्या हातात. नाव आधी मनातल्या मनात वाचायचं, मग मान वर करायची, मग पुकारायचं. तीन वेळा. तिसऱ्या हाकेलाही कुणी उठलं नाही तर कागद गठ्ठ्याच्या तळाशी. त्या कधी ओरडल्या नाहीत. नाव फेकायचं नसतं, पोचवायचं असतं, असं म्हणायच्या. नावांबद्दल त्यांची मतं पक्की होती. काही नावं शेवटच्या बाकापर्यंत आरामात जातात, काही तिसऱ्या बाकाशीच दमून बसतात. लोक मुलांची नावं कागदावर बघून ठेवतात, तोंडात घोळवून बघत नाहीत, ही त्यांची कायमची तक्रार.

घरी त्यांचं तसं बरं चाललं होतं. नवरा मुलगा लहान असतानाच गेला. त्या कामावर यायच्या आणि मुलाला सासूबाईंनी वाढवलं. सासूबाई कडक, शिस्तीच्या, पण सुनेच्या पाठीशी भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. मुलगा पुढे लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, पोस्टात काम करणाऱ्या मुलीशी त्यानं लग्न केलं, आणि बाई छप्पन्न वर्षांच्या असताना त्यांना नात झाली. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला, आणि दुपारनंतर नावं पुकारताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा फाटला.

नातीच्या नावाचा घोळ महिनाभर चालला. हल्ली जुनी नावं पुन्हा आली आहेत. बाईंच्या पिढीनं जी नावं अडगळीत टाकली, तीच ही पोरं शोधून काढतात आणि धूळ पुसून वापरतात. मुलगा आणि सून दोघांनाही जुनंच नाव हवं होतं. चाळणी लावून लावून शेवटी दोन उरली. एक सगुणा, म्हणजे मुलाला वाढवणाऱ्या आजीचं, बाईंच्या सासूबाईंचं नाव. दुसरं मंजुळा. हे सुनेला तिच्या आजीच्या ट्रंकेत सापडलं. ट्रंकेच्या तळाशी शाळेची एक जुनी वही होती, आणि तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हे नाव लिहिलेलं होतं. सुनेनं आजीला विचारलं, ही मंजुळा कोण? आजी म्हणाली, होती कुणीतरी, आणि ट्रंक बंद केली. सुनेला मात्र ते नाव आणि ती अक्षरं फार आवडली. ती वही तिनं मागून घेतली.

जन्माच्या नोंदीचा फॉर्म भरायचा होता आणि नावाची चौकट रिकामी होती. एका संध्याकाळी मुलगा थट्टेत म्हणाला, “आई, तू आयुष्यभर दुसरं काय केलंयस? दोन्ही नावं पुकारून बघ, आणि जे चांगलं वाजेल ते सांग. आम्ही तेच ठेवतो.”

बाईंनी ती थट्टा मनावर घेतली. घरातल्या दोन खोल्यांत नावाची परीक्षा होत नाही, त्याला हॉलच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आमची जेवणाची सुट्टी दीड ते अडीच. त्या वेळात पेशंट बाहेर काढून मागचं दार लावून घेतात, डॉक्टर वरच्या मजल्यावर जेवायला जातात, आणि हॉल अगदी रिकामा होतो. मी तेवढा खिडकीत बसून डबा खायचो. त्या दिवशी बाई हातात कागद न घेताच दाराशी उभ्या राहिल्या. बाहेर ऊन होतं, उंच खिडक्यांतून ते बाकांवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं.

त्यांनी पुकारलं, “सगुणा.”

थोडं थांबून पुन्हा, आणि पुन्हा. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या की नाव वजनदार आहे, पण मधल्या अक्षरावर जरा अडतं. आणि हसून म्हणाल्या की सासूबाई तशाही पहिल्या हाकेला कधी आल्या नाहीत, तेव्हा आता काय येणार. मीही हसलो आणि घास घेतला.

मग त्यांनी दुसरं नाव घेतलं. “मंजुळा.”

“आले,” असं मागून कुणीतरी म्हणालं.

हे मी ऐकलं. आवाज लहान मुलीचा होता, घाईचा, आता उशीर झाला तर ओरडा बसेल अशा सुरातला. पण मी डब्यातून मानसुद्धा वर केली नाही. दवाखान्यात नाव घेतलं की कुणीतरी ‘आले’ म्हणतंच. वीस वर्षं मी तेच ऐकत होतो. बाई माझ्या खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण आत काही उरलं नव्हतं.

“आत्ता कोण बोललं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, राहिला असेल एखादा पेशंट. त्यांनी नुसतं बोट केलं. मी खिडकीतून पूर्ण बाहेर वाकून बघितलं. सगळी बाकं रिकामी होती. मागच्या दाराला आतून कडी होती.

त्यानंतर दोन दिवस त्या दुपारच्या सुट्टीत हॉलमध्ये थांबल्या नाहीत. वर जाऊन डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलाशी काहीतरी काम काढून बसायच्या. तिसऱ्या दिवशी मात्र त्या पुन्हा दाराशी उभ्या राहिल्या. भीती वाटत नव्हती असं नाही, पण इतक्या वर्षांत आपण पुकारलं, समोरच्यानं ओ दिली, आणि आपण पाठ फिरवून निघून गेलो, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यांना ते आत कुठेतरी टोचत होतं. त्या दिवशी मी रजेवर होतो. जे झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्यांनी नाव घेतलं आणि लगेच ओ आली. मागून, भिंतीकडच्या शेवटच्या बाकावरून. मग पावलं ऐकू आली. अनवाणी, हलकी, एक पुढे टाकून मग दुसरं त्याच्याशी जुळवणारी. आणि पावलांबरोबर आणखी एक आवाज होता. आमच्या हॉलची भिंत अर्ध्यापर्यंत ऑइलपेंटची आहे. त्या गुळगुळीत भिंतीवरून कुणीतरी तळहात घासत येत होतं. बाकाचा कोपरा आला की आवाज थांबायचा, लाकडावर दोन बोटं वाजायची, मग पुढच्या बाकापर्यंत पुन्हा तळहात. फार वर नव्हता तो आवाज. बाईंच्या कमरेच्या उंचीवरून येत होता. दिसत काहीच नव्हतं, ऊन होतं आणि बाकं होती.

“अगदी माझ्यापुढे येऊन थांबली,” बाई म्हणाल्या. “तिचा श्वास लागला होता.”

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

त्या म्हणाल्या की माझ्या तोंडातून सवयीनं जे रोज निघतं तेच निघालं. केसपेपर नाही, बसून घ्या.

आणि ती गेली. तळहात भिंतीवरून घासत, बाकांचे कोपरे चाचपत, जशी आली तशीच मागे गेली, आणि शेवटचं बाक करकरलं. कुरकुर नाही, काही नाही. ऐकायची सवय असलेलं मूल जसं ऐकतं तसं ऐकलं तिनं. हे सांगताना बाईंचे डोळे भरले. भुताला भ्यायचं सोडून मी रडत बसले, असं त्या म्हणाल्या. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आपण तिला परत बसवलं, ही एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली.

रविवारी त्यांनी सुनेकडून ती वही मागून घेतली. सून बाळाला झोपवत होती. वही हातात देताना म्हणाली, “किती गोड अक्षर आहे ना आई? एकेक अक्षर केवढं मोठं काढलंय.” बाईंनी पानं उलटली. पहिल्या पानावर अक्षरं ओळीत होती. दहाव्या पानावर एक अक्षर दोन ओळी व्यापत होतं, विसाव्यावर चार. शेवटी शेवटी ओळींशी अक्षरांचा काही संबंधच नव्हता, ती कागदाबाहेर उतरत होती. आणि प्रत्येक पानावर, लिहिताना जिथे नाक टेकेल तिथे, शिसपेन्सिलीचा काळा डाग होता.

डोळ्यांच्या दवाखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. हे अक्षर गोड नव्हतं. ज्या मुलीला ओळी दिसत नव्हत्या तिचं ते अक्षर होतं.

सोमवारी कामावरून सुटल्यावर बाई थेट सुनेच्या माहेरी गेल्या. आजी तिथेच मुलाकडे राहायची, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीकडच्या खोलीत. वय एकोणनव्वद. आयुष्यभर शिंप्याच्या दुकानात रफू करण्यात गेलं, आणि अजूनही ती घरातल्या सगळ्यांचे फाटके कपडे घेऊन बसायची. तिची नजर हा त्या घरातला कौतुकाचा विषय होता. चष्मा तिनं कधी लावला नाही. बाई गेल्या तेव्हाही ती सुईत दोरा ओवत होती, आणि एका फटक्यात ओवला.

बाईंनी इकडचं तिकडचं काही केलं नाही. वही पुढे ठेवली आणि म्हणाल्या, “आजी, ही तुमची कोण?”

आजीनं वहीकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघरात तिची सून भांडी लावत होती. आजी म्हणाली, “विहीणबाई, तेवढं दार लोटून घ्या.”

दार लोटलं. मग तिनं सांगितलं, सुई हातात तशीच धरून.

मंजुळा तिची थोरली बहीण. चार वर्षांनी मोठी. नऊ वर्षांची असताना तिला फळ्यावरचं दिसेनासं झालं, मग वहीतलं. शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा वडील अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून दोघी बहिणींना घेऊन दवाखान्यात गेले. हाच दवाखाना, हाच हॉल. वडिलांनी केसपेपर काढला, दोघींना मागच्या बाकावर बसवलं, आणि सांगितलं की नाव घेतलं की ‘आले’ म्हणायचं आणि आत जायचं, नंबर गेला तर पुन्हा मिळणार नाही. मग ते कामावर गेले. बराच वेळ गेला. मंजुळाला तहान लागली, ती भिंत धरत मागच्या नळावर पाणी प्यायला गेली. आणि नेमकं तेव्हाच नाव पुकारलं गेलं.

“एकदा पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारलं,” आजी म्हणाली. “ती येईना. मला वाटलं, नंबर गेला तर बाबा मारतील. तिसऱ्यांदा पुकारलं, आणि मी उठले. मी म्हटलं, आले.”

पाच वर्षांची ती पोर आत गेली. डॉक्टरांनी कागदावरचं वय पाहिलं नाही, गर्दी होती. खुर्चीवर बसवलं, दिवा डोळ्यांवर पाडला, समोरची चित्रं ओळखायला सांगितली. तिनं सगळी ओळखली. बक्षीस मिळेल असं तिला वाटलं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, डोळे उत्तम. ती बाहेर आली तेव्हा मंजुळा बाकावर परत येऊन बसली होती आणि विचारत होती, माझं नाव घेतलं का? धाकटी घाबरली. नाही म्हणाली. आणि मंजुळा दुपारभर तिथे बसून राहिली, नाव घेतील म्हणून, मान पुढे काढून.

संध्याकाळी वडील आले. त्यांनी कागद वाचला. शाळेत जायला नको म्हणून पोरगी सोंग करते असं त्यांनी धरलं, आणि घरी गेल्यावर तिला त्याची शिक्षा झाली. त्यानंतर मंजुळानं दिसत नाही असं कधी म्हटलं नाही. चार महिन्यांनी ती रस्ता ओलांडत होती. समोरून येणारी गाडी सगळ्यांना दिसली, तिला दिसली नाही. घरात पुन्हा तिचं नाव निघालं नाही. तिच्या वस्तू आईनं देऊन टाकल्या. धाकटीनं एक वही तेवढी लपवली.

“चौऱ्याऐंशी वर्षं झाली,” आजी म्हणाली. “नवऱ्याला सांगितलं नाही, पोरांना सांगितलं नाही. माझी नजर चांगली आहे म्हणून लोक कौतुक करतात ना, ते मला ऐकवत नाही.”

मग बाईंनी आपलं सांगितलं. दोन हाका, दोन ओ, भिंतीवरचा तळहात. आजी दचकली नाही. तिनं फक्त विचारलं की कुठल्या बाकावरून. बाई म्हणाल्या, शेवटच्या, भिंतीकडच्या. आजीनं मान हलवली. तिथेच बसवलं होतं बाबांनी.

उतरताना बाईंना एकच प्रश्न पडला होता. हे नाव बाळाला दिलं तर आपण दिवसभर घरात ते नाव घेणार. मग ओ कोण देणार? आणि नाही दिलं तर त्या बाकावर बसलेलीचं नाव आता कुणीच कधी घेणार नाही. जिन्यात त्या थांबल्या, परत वर गेल्या, आणि आजीला म्हणाल्या, “तुम्ही एकदा दवाखान्यात याल का?”

आजी जणू त्याचीच वाट बघत होती. डोळे तपासून घ्यायचे आहेत असं तिनं घरी सांगितलं. घरचे चकित झाले, पण तिच्या मुलानं तिला रिक्षातून आणून सोडलं आणि तासाभरानं न्यायला येतो म्हणून तो गेला. दीड वाजला होता. हॉल रिकामा झाला. त्या दिवशी मी खिडकीत होतो, आणि बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की काही झालं तरी बोलू नका.

बाईंनी कोरा केसपेपर घेतला. आजीनं सांगितलं तसं त्यावर लिहिलं. नाव मंजुळा. वय नऊ. तक्रार, दिसत नाही. आजीनं ‘दिसत नाही’ हे शब्द दोनदा सांगितले, नीट लिहिलंय ना म्हणून वाकून पाहिलं. मग बाईंनी तिचा हात धरून तिला शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं, थोडी जागा सोडून. आजीनं रुमालाचा बोळा केला आणि तोंडावर दाबून धरला. बाई दाराशी आल्या. कागद डाव्या हातात. नाव मनातल्या मनात वाचलं, मान वर केली.

“मंजुळा.”

काही नाही. आजीचे खांदे हलत होते. मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

“मंजुळा.”

पुन्हा काही नाही. मला वाटलं, संपलं. आजीनं आता दोन्ही हात तोंडावर धरले होते. पाच वर्षांच्या पोरीनं जे करायला हवं होतं ते ती आता करत होती. ती गप्प बसली होती.

तिसरी हाक बाईंनी फार सावकाश मारली. “मंजुळा.”

“आले.”

आणि बाक हललं. आमची बाकं लांब फळीची आहेत, एका टोकाचा माणूस उठला की दुसऱ्या टोकाचा किंचित वर येतो. आजी तशी वर आली. मी पाहिलं ते. तिच्या शेजारून कुणीतरी उठलं होतं.

मग भिंतीवरचा तळहात. मी तो पहिल्यांदा ऐकला, आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. कोपरा, दोन बोटं, तळहात. कोपरा, दोन बोटं, तळहात. माझ्या खिडकीवरून जाताना खिडकीच्या फळीवरही दोन बोटं वाजली. फळीवर ठेवलेला स्क्रूंचा डबा थरथरला.

बाईंनी तपासणीच्या खोलीचं दार उघडून धरलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, “इथे उंबरा आहे बाळ. पाय उचल. हं, आता सरळ.” मग त्यांनी दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कागद नव्हता. तो तिनं घेतला की माझ्या हातून सुटला, हे मला सांगता येणार नाही, असं त्या नंतर म्हणाल्या.

नव्या पेशंटला दहा-बारा मिनिटं लागतात. त्या तेवढ्या वेळ उभ्या राहिल्या. आत कुणी नव्हतं हे मला माहीत होतं, डॉक्टर वर जेवत होते. पण तपासणीच्या खुर्चीचा आवाज मी रोज ऐकतो. खाली एक दांडा असतो, तो पायानं दाबला की कर्र करून खुर्ची चढते. मोठ्या माणसाला एकदा दाबावा लागतो. लहान मुलाला चार वेळा. मी चार वेळा ऐकला.

बाईंनी दार उघडलं तेव्हा खोली रिकामी होती. खुर्ची पूर्ण वर होती. दिवा बंद होता, पण हात लावला तर काच कोमट लागली. केसपेपर टेबलावर सरळ ठेवलेला होता, आणि त्याच्यावर बाईंनी लिहिलं होतं त्याखेरीज एक अक्षरही नव्हतं.

आजी तोवर बाकावरून उठून दारापर्यंत आली होती. तिनं आत डोकावून पाहिलं नाही. ती वळली आणि बाहेरच्या दाराकडे चालू लागली, काठी बाकापाशी विसरून. मी हाक मारणार होतो, पण बाईंनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं. ती एकोणनव्वद वर्षांची बाई उजवा हात थोडा वर उचलून चालत होती, खांद्याजवळ, मूठ अर्धी मिटलेली. आपल्याहून उंच बहिणीचा हात धरून लहान पोर चालतं ना, अगदी तशी. उंबऱ्याशी ती थांबली आणि हलकेच म्हणाली, “इथे पायरी आहे.” मग बाहेर उन्हात गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दुपारी तीन हाका मारल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. हॉलमध्ये नुसता आवाज फिरून आला. तेव्हा घरी जाऊन त्यांनी मुलाला सांगितलं की मंजुळा ठेवा, ते शेवटच्या बाकापर्यंत जातं. मुलगा आणि सून खूश झाले. फॉर्म गेला. त्या दोघांना बाईंनी बाकी काही सांगितलं नाही, आजपर्यंत नाही.

आजीची नजर त्याच महिन्यात उतरली. आधी सुईत दोरा जाईना, मग माणसं ओळखू येईनात, आणि सहा आठवड्यांत पूर्ण अंधार. तिला आमच्याकडेच आणलं. डॉक्टरांनी तीनदा तपासलं. त्यांना काही सापडलं नाही. पडदा चांगला, नस चांगली, बाहुली दिव्याला बरोबर लहान होते. मग दिसत का नाही, असं तेच आम्हाला विचारत होते. आजी मात्र खुर्चीत शांत बसली होती. तिनं कुणाला दोष दिला नाही आणि दुसरीकडे दाखवायलाही ती तयार झाली नाही. पुढे दोन वर्षं ती जगली. पणतीला मांडीवर घ्यायची, बोटांनी तिचं कपाळ, नाक, हनुवटी चाचपायची, आणि म्हणायची की आता सगळं नीट आहे.

नाववाल्या बाई साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या. मी अधूनमधून त्यांच्या घरी जातो. मंजुळा आता सात वर्षांची आहे, दुसरीत जाते, दिवसभर बडबडते. नजर चांगली आहे, दर सहा महिन्यांनी बाई तिला तपासून आणतात. सून हसत हसत तक्रार करते की आईंनी आयुष्यभर लोकांना हाका मारल्या आणि नातीला मात्र कधी हाक मारत नाहीत. हे खरं आहे. नात हवी असली की बाई उठतात, या खोलीतून त्या खोलीत जातात, गॅलरीत बघतात, आणि ती समोर दिसली की मगच नाव घेतात.

मागच्या खेपेला मी असतानाच मुलगा कामावरून आला आणि त्यानं दारातूनच लेकीला हाक मारली. आतून ‘आले’ असं ऐकू आलं आणि पोर धावत बाहेर आली. बाईंनी चहाचा कप तसाच अर्ध्यात धरला होता. पोर बापाच्या गळ्यात पडल्यावर त्यांनी तो खाली ठेवला.

मी हळूच विचारलं, अजून भीती वाटते का?

“भीती नाही,” त्या म्हणाल्या. “मी मोजते. आजवर एका हाकेला एकच ओ आली आहे.” आणि त्यांनी मला आणखी चहा हवा का ते विचारलं.